परमुलखात शिकताना : काय सोबत न्यावे, काय घरी ठेवावे

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित गुणवंत विद्यार्थी सत्कार व शुभेच्छा समारंभात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



विश्वस्त मंडळाने मला आज दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली. मी विद्वान नाही, प्राध्यापक नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन चाळीस वर्षांहून अधिक काळ कापड मोजणारा माणूस आहे. तेव्हा माझ्या बोलण्यात शास्त्रापेक्षा व्यवहार अधिक असेल, हे आपण गृहीत धरावे. आज सत्कार झालेल्या विद्यार्थ्यांपैकी बरेचजण या महिन्यात महाराष्ट्राबाहेर शिकावयास जात आहेत. कोणी कर्नाटकात, कोणी तमिळनाडूत, कोणी राजस्थानात, तर कोणी थेट बंगालमध्ये. टक्केवारीचे कौतुक झाले, शाली-श्रीफळ झाले. परंतु स्वतःच्याच देशात, पण परक्या भाषेच्या आणि परक्या चवीच्या मुलखात जाऊन रुळायचे कसे, याविषयी गुणपत्रिकेत काहीही लिहिलेले नसते. आज तेवढाच विषय मी घेणार आहे.

शिक्षणासाठी घर सोडणे आपल्या समाजाला नवे नाही. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांनी वडिलांच्या नावाने मुंबईत जैन विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग उभारले. १९१५ मध्ये आचार्य विजयवल्लभसूरीश्वरजींच्या प्रेरणेने मुंबईतच श्री महावीर जैन विद्यालय सुरू झाले. या पूर्वजांनी एक गोष्ट अचूक ओळखली होती. मुलगा परगावी टिकत नाही, तो बुद्धी कमी पडल्यामुळे क्वचितच. जेवण, निवारा आणि आपुलकी या तीन गोष्टींवाचून तो परत येतो.

या संदर्भात क्षुल्लक गणेशप्रसाद वर्णी यांचे चरित्र प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावे असे आहे. बुंदेलखंडातील हा तरुण ज्ञानाच्या ओढीने जयपूर, मथुरा, खुर्जा असे करीत काशीला पोहोचला. तेथे एका पंडिताने केवळ हा जैन आहे म्हणून त्यास शिकविण्याचे नाकारले. वर्णीजी अपमान गिळून परत फिरले नाहीत आणि भांडतही बसले नाहीत. कोणीतरी त्यांना एक रुपया दिला. त्या काळी पोस्टकार्ड एका पैशास मिळे आणि रुपयाचे पैसे चौसष्ट. त्यांनी त्या रुपयाची चौसष्ट पोस्टकार्डे घेतली आणि ठिकठिकाणच्या श्रावकांना पत्रे लिहिली. त्यातून १९०५ साली वाराणसीत स्याद्वाद महाविद्यालय उभे राहिले. आपल्याला दार बंद मिळाले, तर मागून येणाऱ्यांसाठी दुसरे दार उघडावे, हा त्या एका रुपयाचा अर्थ आहे. या मुद्द्याकडे मी शेवटी पुन्हा येणार आहे.

आता मूळ विषयाकडे येतो. मित्रहो, आपल्या शास्त्रात कोणत्याही गोष्टीचा विचार द्रव्य, क्षेत्र, काल आणि भाव या चार अंगांनी करावा असे सांगितले आहे. परमुलखात जाणाऱ्या विद्यार्थ्याला ही चौकट फार उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे. त्या चौकटीत बसवून मला जे सांगावयाचे आहे ते एका वाक्यात असे : व्रत आणि सवय यांतला फरक ओळखा. व्रत सोबत न्या, सवय घरी ठेवा. परमुलखात गेलेल्या मुलांची निम्मी दुःखे या दोहोंची गल्लत झाल्याने निर्माण होतात. काहीजण सवयीलाच व्रत समजून जगाशी फटकून राहतात, तर काहीजण व्रतालाही सवय समजून पहिल्या महिन्यातच सोडून देतात.

मी हे कोठे शिकलो ते सांगतो. १९७९ च्या जूनमध्ये मी बी.कॉम.साठी मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला गेलो. आमच्या दुकानात दक्षिणेचा माल मोठ्या प्रमाणावर येई. मद्रास चेक्स, लुंग्या, कांजीवरम साड्या. वडिलांचे म्हणणे असे की, ज्या मुलखाचा माल विकायचा त्या मुलखाची भाषा घरातल्या एकाला तरी यावी. तेथील आडत्याच्या ओळखीने प्रवेश झाला, वसतिगृहात खोली मिळाली आणि सोलापूरहून गाडीत बसून मी रायचूर, गुंटकल, रेणिगुंटा असा मजल दरमजल मद्रासला उतरलो. गुंटकल सोडल्यावर स्टेशनांच्या पाट्या मला वाचता येईनाशा झाल्या. इंग्रजी पाटी शोधायची हा पहिला धडा तेथेच मिळाला.

प्रथम क्षेत्राविषयी बोलतो. तमिळनाडूत १९६८ पासून शाळांतून द्विभाषा धोरण आहे, तमिळ आणि इंग्रजी. तेव्हा आपली मोडकी हिंदी सर्वत्र चालेल, हा आपला समज तेथे पहिल्याच दिवशी निकालात निघतो. हवामानाचेही तसेच. आपल्याकडे मृगाचा पाऊस पडून पेरण्या सुरू होतात, तेव्हा मद्रासला कडक ऊन असते. तेथला मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. आपण दिवाळीत अंगणात रांगोळी काढतो, तेव्हा तेथे छत्री उघडावी लागते. माणसाचे शरीर घड्याळापेक्षा ऋतूवर चालते, हे मला तेथे कळले. जूनमध्ये पाऊस नाही म्हणून मन उदास होई, आणि कशामुळे ते लक्षात येण्यास काही दिवस लागले. तेव्हा मुलांनो, पहिल्या दोन-तीन महिन्यांत अकारण उदास वाटले तर घाबरू नका. कोऱ्या कापडाला जो नियम तोच माणसाला. शिवण्यापूर्वी कापड पाण्यात भिजवावे लागते आणि ते थोडे आटते. न भिजवता शिवले तर पहिल्याच धुण्यात सदरा तोकडा होतो. एकदा आटले की मात्र पुढे वर्षानुवर्षे अंगाला नीट बसते. परमुलखातले पहिले सत्र हे भिजवण्याचे सत्र आहे.

भाषेचा उपाय सोपा आहे. कोणतीही भाषा पूर्ण शिकण्याचे ओझे घेऊ नका. पहिल्या महिन्यात शंभर शब्द शिका. अंक, वार, पाणी, जेवण, किती, थोडे, पुरे, नको. तमिळमध्ये पुरे याला 'पोदुम' म्हणतात. हा शब्द येत नसेल तर वाढणारा भाताचा डोंगर करतो आणि पानात टाकावे लागते. थोडे म्हणजे 'कोंजम', पाणी म्हणजे 'तण्णी', नको म्हणजे 'वेण्डाम'. बटाट्याला तर इतका लांबलचक शब्द आहे की तो उच्चारण्यापेक्षा बटाटा सोडणेच सोपे. आणि गंमत पाहा, मोठ्या भावाला तेथे 'अण्णा' म्हणतात आणि मोठ्या बहिणीला 'अक्का'. आपल्या सांगली-कोल्हापूर-सोलापूरच्या घरात हेच दोन शब्द रोज घुमतात. मी वसतिगृहाच्या स्वयंपाक्याला पहिल्याच आठवड्यात अण्णा म्हणून हाक मारली. तो शब्द मी तेथे शिकलेलाच नव्हता, घरातूनच नेला होता. त्या एका हाकेने जे काम केले ते माझ्या इंग्रजीने तीन वर्षांत केले नाही.

आता द्रव्याविषयी, म्हणजे आहाराविषयी. आपल्या पालकांची सर्वांत मोठी काळजी हीच असते. तमिळनाडूत शाकाहारी जेवणाला 'सैवम' म्हणतात, म्हणजे शैव. खानावळीत विचारतात, 'सैवम?' पहिल्यांदा मला हा प्रश्न विचारला गेला तेव्हा मी गंभीरपणे उत्तर दिले, 'नाही, मी जैन आहे.' वाढणारा गोंधळून गेला. नंतर कळले की त्या मुलखात शाकाहाराचे नावच शैवांवरून पडले आहे आणि पोटभर शुद्ध शाकाहारी जेवण हवे असेल तर जैनानेही होय, सैवम, असेच म्हणावयाचे असते. शब्दावर अडून बसलो असतो तर उपाशी राहिलो असतो.

खरी अडचण पुढची होती. सांबारात बारीक कांदे, रस्समात लसूण, डोशात बटाटा. आणि वसतिगृहाचे रात्रीचे जेवण साडेसातला. मद्रासला सूर्यास्त ऋतूनुसार साधारण साडेपाच-पावणेसहा ते पावणेसात या दरम्यान होतो. रात्रिभोजन न करणे हा माझ्यासाठी घरून घेतलेला नियम होता. पोळी, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी ही मात्र सवय होती. मी कागदावर दोन रकाने केले. एकात नियम लिहिले, दुसऱ्यात सवयी. नियमांचा रकाना दोन-तीन ओळींत संपला. सवयींचा रकाना पानभर झाला. ते पान पाहिल्यावर माझ्या ध्यानात आले की मला या मुलखाकडून फार थोडे मागायचे आहे. मग मी स्वयंपाक्याला तोडक्यामोडक्या तमिळमध्ये विनंती केली : अण्णा, संध्याकाळी सूर्य मावळण्यापूर्वी मला साधा भात, 'परुप्पु' म्हणजे फोडणी न घातलेले वरण, वर थोडे तूप आणि दही एवढेच द्या, कांदा-लसूण वेण्डाम. त्याला यात काहीच कठीण वाटले नाही. दुपारच्या चहानंतर भाताचे पहिले पातेले उतरे, त्यातून माझे पान वाढले जाई. तीन वर्षांत ते पान एकदाही चुकले नाही.

यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. मागणे थोडके आणि स्पष्ट असेल तर परका माणूस ते आनंदाने पुरे करतो. आणि आपण चार गोष्टींसाठी चाळीस तक्रारी केल्या, तर त्या खऱ्या चार गोष्टीही त्याच गर्दीत हरवतात. 'इथला भात जाड आहे, इथले तेल वेगळे आहे, इथे पोळी मिळत नाही' असे रोज म्हणणाऱ्या मुलाचा 'मी कांदा खात नाही' हा शब्दही मग कोणी मनावर घेत नाही.

आमच्या धंद्यात पक्का रंग आणि कच्चा रंग असा भेद असतो. पक्क्या रंगाचे कापड दहा परक्या कपड्यांबरोबर धुवा, ते आपला रंग सोडत नाही आणि दुसऱ्यालाही डाग लावीत नाही. व्रत हे असे असावे. स्वतःचा रंग टिकला आणि शेजाऱ्याला डागही लागला नाही. वसतिगृहात शेजारी बसून कोणी सामिष खात असेल, तर आपण आपले पान सांभाळावे. त्याच्या पानाकडे पाहून नाक मुरडणे हे व्रतात बसत नाही.

आता आपणास एक विशेष गोष्ट सांगावयाची आहे. माझ्या वर्गात वंदवासीच्या बाजूच्या खेड्यातून आलेला एक मुलगा होता. काळासावळा, अस्सल तमिळ बोलणारा, केळीच्या पानावर हाताने रस्सम-भात ओरपणारा. आम्ही तीन महिने एका बाकावर बसत होतो. एके दिवशी सायंकाळी मी माझे पान घेऊन बसलो, तर तो आपला डबा उघडून शेजारी आला. मी विचारले, 'तू एवढ्या लवकर?' तो म्हणाला, 'आमच्या घरी दिवे लागल्यावर जेवत नाहीत.' तो जैन होता! आडनाव नैनार. मी जैन म्हणजे मराठी, कानडी, गुजराती किंवा मारवाडी एवढेच जाणत होतो. त्याने आपल्या तमिळ वळणाच्या उच्चारांत णमोकार मंत्र म्हटला, आणि मी तीन महिने ज्याला परका समजत होतो तो माझा साधर्मी निघाला.

त्याच्याबरोबर मी कांचीपुरमजवळ तिरुपरुत्तिकुन्ड्रम येथील प्राचीन जिनमंदिर पाहिले. त्या भागाला जिनकांची असेही नाव आहे. मंदिराच्या मंडपाच्या छतावर तीर्थंकरांच्या जीवनातील प्रसंग रंगविलेले आहेत. तमिळ जैनांचा मठ मेल सित्तामूर येथे आहे, तोही त्याच्याकडूनच समजला. तमिळ साहित्यातील 'जीवकचिंतामणी' हे महाकाव्य तिरुत्तक्कदेवर या जैन मुनींनी रचले आहे. ते जगापुढे कसे आले ते ऐकण्यासारखे आहे. कुंभकोणमच्या महाविद्यालयात तमिळ शिकविणारे यू. व्ही. स्वामिनाथ अय्यर हे शैव परंपरेत वाढलेले विद्वान. १८८० मध्ये त्यांना या काव्याची ओळख झाली, परंतु त्यातील जैन संज्ञा त्यांना उलगडेनात. तेव्हा ते कुंभकोणममधील जैन कुटुंबांकडे जाऊन बसू लागले, विद्यार्थी होऊन विचारू लागले, आणि १८८७ मध्ये त्यांनी ते काव्य संपादून प्रसिद्ध केले. आपल्या धर्माचा एक ठेवा एका शैव पंडिताच्या नम्रतेमुळे छापील रूपात आला. दुसऱ्याच्या घरात विद्यार्थी होऊन बसणे म्हणजे काय, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. आणि आपल्या भाषेविषयी अभिमान बाळगणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की, त्याच तमिळ मुलखात तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेला भोसले घराण्याचा विस्तृत मराठी शिलालेख आहे. आपण जेथे परके म्हणून उतरतो तेथे आपले कोणीतरी फार पूर्वी येऊन गेलेले असते.

तो नैनार मित्र माझ्या दोन रकान्यांचा पुरावाच होता. भाषा वेगळी, जेवण वेगळे, सण साजरे करण्याची रीत वेगळी, म्हणजे सवयींचा सगळा रकाना वेगळा. नियमांचा रकाना मात्र माझ्या रकान्याशी ओळीने ओळ जुळत होता.

तिसरे अंग काल. घराबाहेरचे दिवस सारखे नसतात. पहिला आठवडा उत्साहात जातो. कसोटी पुढे लागते. एक, पहिल्या चाचणीचे गुण. आपल्या गावात पहिला येणारा मुलगा तेथे चाळिसावा येतो, कारण प्रत्येकजण आपापल्या गावातून पहिलाच येऊन बसलेला असतो. दोन, पहिली दिवाळी. तमिळनाडूत दिवाळी मुख्यतः नरकचतुर्दशीला, पहाटेच्या अभ्यंगस्नानाने साजरी होते. आपला भगवान महावीर निर्वाणाचा दिवस अमावास्येचा. त्या वर्षी वसतिगृह चतुर्दशीला फटाक्यांनी दणाणून गेले आणि दुसऱ्या दिवशी सर्वत्र शांत. त्या शांत सकाळी आम्ही दोघांनी खोलीत निर्वाणपूजेचे दोन शब्द म्हटले आणि घरून आलेला लाडू अर्धा अर्धा खाल्ला. तीन, आपले पर्युषण-दशलक्षण पर्व. ते ऐन सत्रात येते आणि महाविद्यालयाला त्याची सुट्टी नसते. ही वेळापत्रके आधीच ठरवा. उपवासाच्या दिवशी प्रात्यक्षिक परीक्षा येणार असेल तर गुरुजनांना आधी सांगा. शहरातील जिनमंदिर पहिल्याच आठवड्यात शोधून ठेवा. अडचणीच्या दिवशी शोधू नका.

चौथे अंग भाव, आणि ते सर्वांत नाजूक आहे. माझ्या काळी घरचे पत्र पोहोचावयास चार-पाच दिवस लागत. आज तुमच्या खिशात घर असते. ही सोय मोठी आहे, पण तिचा एक तोटाही आहे. शरीराने मुलगा चेन्नईत आणि मनाने दिवसभर आपल्या गावच्या गटात गप्पा मारीत असेल, तर तो दोन्हीकडे नसतो. शेजारच्या खोलीचे दार वाजविण्यास जे धैर्य लागते ते मोबाईलने कमी केले आहे. म्हणून माझी विनंती आहे, रोज एक तरी जेवण फोन बाजूला ठेवून दुसऱ्या प्रांतातल्या मुलाबरोबर करा.

कधी कधी मात्र उदासी साधी नसते. कोटासारख्या शहरांतून विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. जेव्हा झोप उडते, वर्गात जावेसे वाटत नाही, जगणे नकोसे वाटते, तेव्हा ते लपवू नका. केंद्र शासनाने २०२२ मध्ये 'टेलि-मानस' ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. तिचा क्रमांक १४४१६. रॅगिंगसंबंधी राघवन समितीच्या शिफारशींनंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये कडक नियम केले. त्यासाठी १८००-१८०-५५२२ हा क्रमांक आहे. हे दोन्ही क्रमांक आजच लिहून घ्या. सहनशीलता हा गुण आहे, परंतु छळ मुकाट्याने सोसणे म्हणजे क्षमाधर्म नव्हे.

पालकांना दोन शब्द सांगतो. मुलाला फोन केल्यावर 'काय खाल्लेस' एवढेच विचारू नका. 'आज कोण भेटले' असेही विचारा. पहिल्या प्रश्नाने त्याला घराची आठवण होते, दुसऱ्याने तो तेथे रुजतो. लाडू-चिवडा जरूर पाठवा, पण एकट्याला पुरेल इतका नव्हे, वाटता येईल इतका पाठवा. पैशांचा हिशेब मागा, परंतु हिशेब चुकला म्हणून अविश्वास दाखवू नका. आणि पहिल्या तक्रारीला 'परत ये' असे म्हणू नका, तसेच शंभराव्या तक्रारीला 'सहन कर' असेही म्हणू नका. कोणती तक्रार सवयीची आणि कोणती खऱ्या संकटाची, हे ऐकणाऱ्याने ओळखावयास हवे.

बंधुभगिनींनो, येथवर मी जाणाऱ्यांविषयी बोललो. आता येणाऱ्यांविषयी बोलल्यावाचून माझे बोलणे अपुरे राहील.

आपल्या देशाने मुलांची अशी देवाणघेवाण मुद्दाम घडवून आणली आहे. प्रत्येक राज्यातील एन.आय.टी.मध्ये निम्म्या जागा त्या राज्याच्या व निम्म्या इतर राज्यांच्या विद्यार्थ्यांसाठी असतात. जवाहर नवोदय विद्यालयांच्या योजनेत, ज्यांची एक आरंभीची प्रायोगिक शाळा आपल्या अमरावतीला सुरू झाली, नववीतील तीस टक्के मुलांना वर्षभर दुसऱ्या भाषेच्या राज्यातील विद्यालयात पाठविण्याची तरतूद आहे. म्हणजे आपली मुले जशी बाहेर जातात तशी बाहेरची मुले आपल्याकडेही येतात. आपल्या गावातील महाविद्यालयांत बिहारची, केरळची, ईशान्येकडील राज्यांची मुले आज शिकत आहेत. ती कोठे राहतात, काय खातात, सणाला काय करतात, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

आपल्यापैकी अनेकांची घरे, खोल्या भाड्याने दिलेल्या आहेत. आपल्या वास्तूत सामिष शिजू नये ही अट आपण घालतो. ते आपले व्रत आहे, आणि ते आरंभीच नम्रपणे सांगितले तर येणाराही समजून घेतो. परंतु चेहरा वेगळा दिसतो म्हणून, आडनाव ओळखीचे नाही म्हणून, भाषा कळत नाही म्हणून खोली नाकारणे, याला कोणत्या व्रताचा आधार आहे? ही निव्वळ सवय आहे. विद्यार्थ्यांना मी दोन रकाने करावयास सांगितले. ते आपणही करावेत, असे मला नम्रपणे सुचवावेसे वाटते. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत अरुणाचल प्रदेशातील एका तरुण विद्यार्थ्याची त्याच्या दिसण्यावरून टिंगल झाली, मारहाण झाली आणि त्याचा मृत्यू ओढवला. त्यानंतर केंद्र शासनाला बेझबरुआ समिती नेमावी लागली. तो मुलगाही कोणाच्या तरी घरातून लाडू बांधून घेऊनच निघाला असेल.

कर्मवीर भाऊराव पाटील हे आपल्याच समाजात जन्मलेले. त्यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले, तेव्हा त्यात सर्व जातींची मुले एकत्र राहिली, एकत्र स्वयंपाक करून एकत्र जेवली. त्यांनी ते फक्त आपल्यांसाठी काढले असते, तर आज महाराष्ट्राने त्यांना कर्मवीर म्हटले नसते.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने विश्वस्त मंडळापुढे मी तीन विनंत्या ठेवतो. पहिली : आपल्या समाजातील जे विद्यार्थी ज्या ज्या शहरात शिकले वा शिकत आहेत, त्यांची संमती घेऊन शहरवार सूची करावी. नव्याने जाणाऱ्याला पहिल्या दिवशी स्टेशनवर एक ओळखीचा चेहरा दिसावा. दुसरी : प्रवेशाच्या हंगामात आपल्या धर्मशाळेतील दोन खोल्या परप्रांतातून आलेल्या कोणत्याही धर्माच्या विद्यार्थ्यासाठी व त्याच्या पालकासाठी आठ दिवस राखून ठेवाव्यात. नियम आपले, निवारा त्यांचा. तिसरी : महावीर जयंतीच्या स्वामिवात्सल्यास या मुलांना आग्रहाने बोलवावे आणि पंगतीत आपल्या मुलांशेजारी बसवावे. दोन खोल्यांच्या खर्चाचा पहिल्या तीन वर्षांचा भार उचलण्याची परवानगी मला मिळाली तर मी ते माझे भाग्य समजेन.

वर्णीजींनी एका रुपयाची चौसष्ट पोस्टकार्डे केली. आपल्या संस्थेजवळ पन्नास वर्षांची पुण्याई आणि त्याहून कितीतरी अधिक द्रव्य आहे. मनात आणले तर आपल्याला काहीच अशक्य नाही.

विद्यार्थी मित्रहो, तुम्ही निघा. नियमांचा छोटा रकाना जपून न्या, सवयींचे मोठे पान येथे ठेवा. आई ते सांभाळील आणि सुट्टीत आलात की ताटात वाढील. ज्या मुलखात जाल तेथील शंभर शब्द शिका, तेथील एक तरी मित्र घरी घेऊन या. तुमच्या यशाने या संस्थेची आणि आपल्या आईवडिलांची मान उंच होवो, अशी जिनेंद्र चरणी प्रार्थना करतो.  

जय जिनेंद्र!